मगर भाषा आणि नेपाळमधली नद्या-गावांची नावं

इथले मगर म्हणजे आपल्याकडचं आडनाव नव्हे, पुण्यातल्या मगरपट्ट्याशीही काही घेणंदेणं नाही. नेपाळच्या मध्य-पश्चिम डोंगरात राहणारी ही जमात, भाषा तिबेटी-बर्मी कुळातली, आणि पाल्पा, स्यांग्जा वगैरे भागाला जुन्या काळी ‘बाह्र मगरात’ (मगरांचे बारा मुलूख) म्हणायचे.

या भागाचा नकाशा उघडून नद्या बघा: मर्स्यांग्दी, दरौंदी, मादी, म्याग्दी, मोदी (हो, मोदीच). शेवटी सगळीकडे ‘दी’, कारण मगर भाषेत ‘दी’ किंवा ‘डी’ म्हणजे पाणी. पुढे खस म्हणजे आजची नेपाळी बोलणारे आले, त्यांना या शेपटाचा अर्थ माहीत नसणार, म्हणून त्यांनी शेवटी ‘खोला’ (नेपाळीत ओढा, लहान नदी) किंवा ‘नदी’ जोडलं आणि आता लोक आरामात ‘मोदी खोला’ म्हणतात, म्हणजे पाणी दोनदा! ही नदी काली गंडकीला मिळते त्या जागेचं नाव मोदीबेनी, त्यात ‘बेनी’ म्हणजे संगम हा शब्द नेपाळी, आधीचा ‘मोदी’ मगर.

सगळीकडे हे सूत्र लावत सुटायचं नाही पण. ‘सेती’ ऐकायला तसंच वाटतं, पण ते सरळ नेपाळी आहे, पांढरी नदी. आणि मर्स्यांग्दी वरच्या बाजूला गुरुंग लोकांच्या मुलखातून येते, त्यावरून तिथेही आधी मगरच होते असं काही जण ठोकून देतात, ते मला घाईचं वाटतं, नदीचं नाव खालून वरही जाऊ शकतं की.

रिडीचा किस्सा वेगळाच. काली गंडकीकाठचं हे तीर्थ, आपल्या देवघरातले शाळिग्राम याच नदीतले. पुराणवाले याला रुरु क्षेत्र म्हणतात, रुरु नावाच्या ऋषिकन्येची कथाही आहे, पण ‘रिडी’तला ‘डी’ मगर पाण्याचाच दिसतो. जवळचं तानसेन म्हटलं की आपल्याला मियाँ तानसेन आठवतात, तिथे मात्र मगर भाषेत ‘उत्तरेकडची वस्ती’ असा अर्थ सांगतात.

२०११ च्या जनगणनेत मगर साधारण १८.८७ लाख होते, पण मातृभाषा मगर लिहिणारे ७.८८ लाखच. पश्चिमेला रोल्पा-रुकुमकडच्या खाम मगरांची भाषा वेगळी, तिथे पाण्याला ‘री’ म्हणतात, त्यामुळे तिकडे लुंग्रीसारखी नावं दिसतात.