फरशी निवडण्याआधी पाण्याचा रस्ता शोधा

दरवर्षी जूनच्या सुरुवातीला ठाणे आणि नवी मुंबईतल्या तळमजल्यांवरच्या घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते: लादीला पाणी सुटते आहे. पुसून घ्यावे तर अर्ध्या तासात पुन्हा ओल. वर्तमानपत्र अंथरले तर तेही भिजते. मग प्लंबरला बोलावणे जाते आणि कुठली तरी पाइप फुटली असणार असे धरून बाथरूमच्या लाद्या फोडल्या जातात. पुष्कळदा पाइप शाबूत निघते, कारण पाणी आलेले असते हवेतून.

हवेत मावेल तेवढ्या वाफेला एक मर्यादा असते आणि हवा थंड होत गेली की ती मर्यादा खाली येते. ज्या तापमानाला वाफेचे पाणी व्हायला लागते त्याला दवबिंदू म्हणतात. पावसाच्या तोंडावर आपल्याकडे तापमान 31 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 85 टक्के असेल, तर दवबिंदू 28 अंशांच्या थोडा वर येतो. तळमजल्याची लादी जमिनीला टेकलेली असते. खालची माती वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या, म्हणजे आपल्याकडे साधारण 27 अंशांच्या, आसपास राहते. लादी 27 अंशांवर आणि दवबिंदू 28 अंशांवर असला की लादीवर पाणी जमणारच. अशा वेळी खिडक्या सताड उघडून घर वाळवायला जावे, तर आणखी दमट हवा आत येते आणि ओल वाढते. खिडक्या लावून पंखा चालू ठेवणे किंवा एसी ‘ड्राय’वर ठेवणे जास्त उपयोगी. पाऊस नीट लागून बाहेरची हवा गार झाली की हा त्रास बहुधा आपोआप कमी होतो. विसाव्या मजल्यावर तो क्वचितच जाणवतो, कारण तिथल्या स्लॅबच्या वरही हवा असते आणि खालीही. तो हवेबरोबर तापतो, हवेबरोबर निवतो.

फरशीवरच्या लेखाची सुरुवात मी मुद्दाम इथून केली. दुकानात गेल्यावर चर्चा होते ती रंगाची, चकाकीची आणि चौरस फुटाच्या दराची. खाडीकाठच्या या दमट पट्ट्यात मात्र फरशीचे आयुष्य पाणी ठरवते. ते हवेतून येते, जमिनीतून वर चढते, नळातून सांडते आणि पोछ्यातून रोज पसरते. आपल्या घरात यातले कोणते पाणी सर्वात जास्त येणार हे आधी ठरवले, तर निम्मे पर्याय तिथेच गळून पडतात.

जमिनीतून चढणारे पाणी सर्वात दगाबाज. नवी मुंबईचा बराच भाग खाडीलगतच्या सखल, दलदलीच्या जमिनीवर भराव घालून उभा राहिला. तिथे भूजल फार खोल नसते. मातीतल्या आणि सिमेंटमधल्या बारीक छिद्रांतून हे पाणी केशाकर्षणाने वर येते आणि येताना क्षार बरोबर आणते. वर आल्यावर पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. रो-हाउसच्या भिंतींना खालच्या दोन फुटांत पोपडे धरतात आणि लाद्यांच्या सांध्यांवर पांढरी भुकटी दिसते, ती हीच. पांढऱ्या संगमरवरावर या ओलीने पिवळट-तपकिरी डाग उमटतात, कारण दगडात सूक्ष्म प्रमाणात असलेले लोहाचे कण गंजतात. असा डाग आतून आलेला असल्यामुळे वरच्या पॉलिशने जात नाही.

हवेतले पाणी आणि जमिनीतले पाणी वेगळे ओळखायचे कसे? दीड फूट लांब-रुंद जाड प्लॅस्टिकचा तुकडा कोरड्या फरशीवर ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. किमान 16 तास, म्हणजे संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, तसाच राहू द्या. पाणी प्लॅस्टिकच्या वर जमले तर ते हवेतले आणि खाली जमले तर जमिनीतले. काँक्रीटच्या ओलीसाठी इंजिनियर वापरतात ती एक चाचणी हीच आहे, आणि तिला खर्च जवळजवळ नाही. नव्या फरशीवर लाखभर रुपये घालण्याआधी तळमजल्यावरच्या प्रत्येकाने ती करावी असे मला कळकळीने वाटते. खाली ओल दिसली, तर आधी जलरोधक थर आणि मगच फरशी.

आता खुद्द फरशीकडे वळू. मातीपासून भाजून केलेल्या टाइलचा सर्वात महत्त्वाचा गुण म्हणजे ती किती पाणी शोषते. व्हिट्रिफाइड टाइलमध्ये मातीबरोबर फेल्डस्पार हे खनिज असते. सुमारे 1200 अंशांना ते वितळते, कणांमधल्या पोकळ्या भरते आणि थंड होताना काचेसारखे घट्ट होते. त्यामुळे व्हिट्रिफाइड टाइल स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी शोषत नाही. साध्या सिरॅमिक फ्लोअर टाइलसाठी हे प्रमाण साधारण 3 ते 6 टक्के आणि भिंतीच्या टाइलसाठी 10 टक्क्यांहून जास्त असते. गुजरातेतल्या मोरबीहून येणाऱ्या टाइलच्या खोक्यावर हा आकडा बहुतेकदा छापलेला असतो. नसेल तर टाइल उलटी करा आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पाण्याचे काही थेंब टाका. थेंब पटकन जिरून गडद डाग पडला, तर ती व्हिट्रिफाइड नाही. भिंतीची टाइल स्वस्त मिळते म्हणून जमिनीवर लावू नये, त्याचे हेही एक कारण.

पाणी न शोषणे हा व्हिट्रिफाइड टाइलचा गुण, आणि लावताना हाच गुण अंगाशी येतो. जुन्या पद्धतीत मिस्त्री वाळू-सिमेंटच्या मालावर सिमेंटचे पाणी ओतून लादी ठोकून बसवत असे. सच्छिद्र लादी ते पाणी ओढून घेई, सिमेंटचे स्फटिक तिच्या छिद्रांत वाढत आणि पकड बसे. व्हिट्रिफाइड टाइलला छिद्रेच नाहीत, तेव्हा सिमेंटने धरायचे कशाला? म्हणून तिला पॉलिमर मिसळलेले टाइल ॲडहेसिव्ह लागते. ते दातेरी थापीने पूर्ण पाठीवर पसरावे लागते, नुसते चार कोपऱ्यांत गोळे ठेवून भागत नाही. मध्ये पोकळी राहिली की टाइल ठोकल्यावर ‘बद’ आवाज देते आणि वरून जड कपाट सरकवले की तडकते.

घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांना आणखी एक प्रकार ओळखीचा असेल. घर घेऊन दोन-तीन वर्षे होतात आणि एका दुपारी हॉलच्या मधल्या टाइल मोठा आवाज करत तंबूसारख्या वर उचलल्या जातात. लोक घाबरतात, इमारत खचली का अशी शंका येते. बहुतेक वेळा कारण साधे असते. नवे काँक्रीट वाळताना आकसते. भारतीय मानकात या आकुंचनाचा ढोबळ अंदाज 0.0003 इतका दिला आहे, म्हणजे पाच मीटरच्या खोलीत दीड मिलिमीटर. टाइल मात्र आकसत नाही. त्यात उन्हाने तापलेली टाइल स्वतःही प्रसरण पावते: पाच मीटर लांबीत 20 अंशांच्या फरकाने साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर. टाइल एकमेकींना खेटून लावल्या असतील आणि भिंतीपर्यंत घट्ट भिडवल्या असतील, तर या दाबाला सुटायला जागा उरत नाही. पकड कच्ची असेल तिथे टाइल उचलली जाते.

उपाय स्वस्त आहे, आणि नेमका तोच टाळला जातो. दोन टाइलमध्ये किमान 2 मिलिमीटरचा स्पेसर आणि भिंतीलगत चारही बाजूंनी 6 ते 8 मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी. ही जागा स्कर्टिंगखाली झाकली जाते. ‘सांधे दिसले की मजा जाते’ असे ग्राहक म्हणतो आणि कारागीर मान डोलावतो. सांधा नसलेली फरशी फोटोत सुंदर दिसते, हे खरे. पण राहत्या घरात मी सांध्याच्याच बाजूने उभा राहीन.

बाथरूम आणि गॅलरीचा विचार मात्र संपूर्ण वेगळा करावा. पाय घसरतो तो टाइल गुळगुळीत असते एवढ्याने नाही. तळवा आणि टाइल यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, तो बाजूला सरकायच्या आत शरीराचे वजन त्यावर येते आणि क्षणभर पाऊल पाण्यावरच तरंगते. त्यात साबण असला तर पाहायलाच नको. खडबडीत पृष्ठभागावर या पाण्याला पळायला बारीक वाटा असतात आणि उंचवटे थर भेदून तळव्याला भिडतात. टाइलच्या माहितीपत्रकात आर-9 ते आर-13 अशी श्रेणी असते. तेल लावलेल्या उतारावर माणसाला चालायला लावून, उतार वाढवत नेऊन ती ठरवतात. आर-9 म्हणजे सर्वात कमी पकड. ही चाचणी बूट घालून करतात, तेव्हा अनवाणी पायासाठी ती फक्त दिशा दाखवते. तरीही घरात आजी-आजोबा असतील तर बाथरूममध्ये आर-11 च्या खाली जाऊ नये. लहान आकाराच्या टाइल इथे मोठ्यांपेक्षा बऱ्या: जास्त सांधे म्हणजे जास्त पकड, आणि जाळीकडे उतार देणेही सोपे.

दगडांकडे येताना दोन गोष्टी पाहाव्यात, कठीणपणा आणि आम्ल. फ्रीडरिश मोह्स या खनिजशास्त्रज्ञाने 1812 मध्ये खनिजांची कठीणपणानुसार 1 ते 10 अशी क्रमवारी लावली. संगमरवरातले कॅल्साइट त्यात 3 वर आहे, ग्रॅनाइटमधले फेल्डस्पार 6 वर आणि क्वार्ट्झ 7 वर. चपलेबरोबर येणारी वाळू बहुतांशी क्वार्ट्झ असते. म्हणजे दारातून आत येणारा प्रत्येक कण संगमरवराला ओरखडा काढू शकतो, आणि दारापुढे सतत बांधकाम चालू असलेल्या आपल्या शहरांत वाळूची टंचाई नाही. आम्लाचे तर त्याहून वाईट. लिंबू, चिंच, कोकम यांचा थेंब कॅल्शियम कार्बोनेटवर पडला की रासायनिक क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड निघतो आणि दगडाचा पापुद्रा विरघळतो. उरतो तो निस्तेज ठिपका. त्याला डाग समजून लोक घासत बसतात. तिथला पॉलिश केलेला दगडच नाहीसा झालेला असतो, त्यामुळे घासून काहीच होत नाही. माशाच्या आमटीत रोज आगळ पडणाऱ्या स्वयंपाकघरात संगमरवर घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाथरूम साफ करायचे ॲसिड तर संगमरवराच्या जवळही नेऊ नये.

राजस्थानातला कोटा आणि कर्नाटकातली शहाबादी हेही चुनखडकच, म्हणजे आम्लाचे भय त्यांनाही आहे. पण कोटा दाट आणि जाड असतो, त्याच्या हिरवट-करड्या रंगात छोटे ठिपके लपतात आणि दहा-पंधरा वर्षांनी घासून पुन्हा नवा करता येतो. त्याला उगाच सरकारी कार्यालयांचा दगड ठरवून टाकले आहे. तळमजल्यावरच्या घराला, अंगणाला, जिन्याला कमी खर्चात टिकणारे काही हवे असेल, तर मी अजूनही कोटाच सुचवेन. फक्त अंगणात आरसा-पॉलिश नको.

लाकडी लॅमिनेटचा गाभा दाबलेल्या लाकूडभुशाचा असतो. पोछ्याचे पाणी सांध्यांतून आत गेले की तो फुगतो आणि पुन्हा मूळ जाडीवर येत नाही. एसपीसी म्हणून मिळणाऱ्या फळ्या चुनखडीची पूड आणि पीव्हीसीच्या असतात, त्या पाण्याने फुगत नाहीत. मात्र खालून ओल येत असेल तर ती त्यांच्याखाली कोंडते आणि कुबट वास सुटतो. वरच्या मजल्यावरच्या बेडरूमला त्या ठीक. त्यांच्यावर पाय उबदार वाटतो, याचे कारणही छान आहे. खोलीतल्या ग्रॅनाइटचे आणि लाकडाचे तापमान सारखेच असते. पण ग्रॅनाइट लाकडाच्या दहापटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतो, म्हणून तळव्याची ऊब तो झपाट्याने ओढून घेतो. मेंदूला जाणवते ती ही ऊब जाण्याची गती. मे महिन्यातल्या ठाण्यात हा गारवा हवाहवासाच असतो.

राहिली जुनी घरे. वाशी-नेरूळच्या सिडको वसाहतींत किंवा नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत अजून मोझेक लाद्या आहेत. घर दुरुस्तीला काढले की त्यांच्यावरच नवी फरशी घालण्याचा मोह होतो. इथे वजनाचा हिशेब करावा. 18 मिलिमीटरचा संगमरवर आणि त्याखाली 40 मिलिमीटरचा माल मिळून दर चौरस मीटरला सुमारे 130 किलो होतात. घराच्या खोलीत माणसे आणि सामान मिळून चौरस मीटरला साधारण 200 किलो भार येईल, असे भारतीय मानक धरते. त्यातला निम्म्याहून जास्त वाटा आपण एका नव्या फरशीवर खर्च करणार, तोही खाऱ्या हवेने सळ्या गंजायला लागलेल्या स्लॅबवर. ॲडहेसिव्हने चिकटवलेली पातळ टाइल 30 किलोंच्या आसपास भागते, तरीही आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारावेच.

पण त्याआधी मोझेक एकदा ठोकून पाहा. लाद्या घट्ट असतील, तर त्या काढण्याचे कारण काय? मोझेकच्या वरच्या काही मिलिमीटरच्या थरात संगमरवराची खडी सिमेंटमध्ये बसवलेली असते. भेगा आणि बारीक छिद्रे त्याच रंगाच्या सिमेंटने भरून, जाड्या दगडापासून बारीक दगडापर्यंत टप्प्याटप्प्याने घासले, की आतली ताजी खडी वर येते. घासताना निघणारा चिखल जाळीतून वाहू देऊ नका. तो पाइपमध्ये जाऊन दगडासारखा घट्ट बसतो, आणि मग खालच्या मजल्याच्या छतावर ओल दिसू लागते. बादलीत गोळा करून गोणीत भरून टाकायला सांगा, कारागिराशी हे काम सुरू होण्याआधीच बोलून घ्या.