जुन्या हॉटेलच्या खिडकीतली काच ओघळत नाही

"काच मुळात द्रव असते. शे-दीडशे वर्षं जुन्या हॉटेलच्या खिडक्यांत ती हळूहळू ओघळते, म्हणून तावदानं खाली जाड असतात." हा संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. निरीक्षण पुष्कळदा बरोबर असतं. चुकतं ते कारण.

ही जाडी पहिल्या दिवसापासूनची. पूर्वी वितळलेल्या काचेचा गोळा फुगवून, सळईच्या टोकावर गरगर फिरवून त्याची मोठी चकती करत. ती मध्याजवळ जाड, कडेकडे पातळ. तिच्यातून कापलेला चौकोन एकसारखा कसा निघेल? जड कड खाली बसवणं कारागिराला साहजिकच सोयीचं वाटे.

खिडकीची नेहमीची काच मऊ व्हायला लागते ती साधारण ५५० अंश सेल्सिअसच्या आसपास. खोलीच्या तापमानाला ती घनच वागते. सुमारे २,००० वर्षांपूर्वीची रोमन काचभांडी आजही आकार धरून आहेत, आणि ती तावदानांपेक्षा कितीतरी जुनी.

पडताळायचं असेल तर दुरुस्तीसाठी काढलेली आठ-दहा तावदानं घ्या. वर-खालच्या बाजू आधी खडूने खुणावून व्हर्नियर कॅलिपरने चारही कडा मोजा. जुन्या इमारतींत जाड कड वर किंवा बाजूला आलेली तावदानंही सापडतात. ओघळण्याने हे होणार नाही. शिवाय काच खाली सरकली असती, तर वरच्या बाजूला काच पक्की करणाऱ्या लांबीपाशी (पुट्टीपाशी) फट पडली असती.

शिशाच्या पट्ट्यांत जडवलेल्या रंगीत काचा मात्र कधीकधी खरोखरच फुगून आलेल्या दिसतात. तिथे वाकतं ते शिसं.