दृश्यचौकट (चित्रपट)

चित्रीकरण करताना कॅमेऱ्यासमोरील जगाचा कोणता व किती भाग पडद्यावर येईल हे ठरवण्याला चौकट बांधणे किंवा, चित्रीकरणाच्या बोलीत, ‘फ्रेम लावणे’ म्हणतात. चित्रकार कोऱ्या कागदावर भर घालत जातो. छायालेखकापुढे मात्र सगळे आधीच हजर असते, त्यामुळे त्याचे काम मुख्यतः वगळण्याचे आहे.

चौकटीचा आकार सहसा त्याच्या हाती नसतो. हॉलीवूडमध्ये १९३२ साली रुंदी-उंचीचे १.३७:१ हे प्रमाण ठरले, १९५३ मध्ये आलेल्या सिनेमास्कोप या चित्रीकरण-प्रक्षेपण तंत्राने पडदा उंचीच्या दुपटीहून अधिक रुंद केला, पुढे दूरचित्रवाणीवर १६:९ रुळले आणि मोबाइलने चौकट उभीच केली. उभ्या चौकटीत एकटा माणूस नेटका बसतो. समोरासमोर बसून बोलणारे दोघे मात्र मावता मावत नाहीत.

दृश्याचे माप मानवी देहावरून घेतात: लाँग शॉटमध्ये व्यक्ती परिसरासह पूर्ण दिसते, मिड शॉटमध्ये साधारण कंबरेपासून वर आणि क्लोज-अपमध्ये केवळ चेहरा. चौकटीची कड घोटा, गुडघा किंवा मनगट अशा सांध्यावर आली तर अवयव तुटल्यासारखा भासतो, म्हणून ती सांध्याच्या थोडी वर वा खाली ठेवतात. डोक्यावरची मोकळी जागा, म्हणजे हेडरूम, जास्त झाली की माणूस चौकटीत बुडाल्यासारखा दिसतो. अगदी जवळच्या क्लोज-अपमध्ये कपाळ कापलेले चालते, हनुवटी कापलेली सहसा खटकते. व्यक्ती ज्या दिशेला पाहते वा चालते तिकडे अधिक जागा सोडतात. ही जागा मुद्दाम पाठीमागे सोडली, तर पात्राची कोंडी किंवा मागून येणाऱ्या कशाची तरी चाहूल सुचवता येते.

चौकटीचे उभे-आडवे तीन समान भाग कल्पून मुख्य घटक त्या रेषांवर ठेवण्याचा तृतीयांश नियम सर्वाधिक सांगितला जातो, आणि बहुधा गरजेपेक्षा जास्तच. इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथ यांनी १७९७ मध्ये तो निसर्गचित्रांसंदर्भात मांडला होता, म्हणजे तो सिनेमाहून जुना आहे व हालचालीविषयी काहीच सांगत नाही. चित्रपटात पात्र उठते, वळते, दाराकडे जाते. म्हणून तालमीच्या वेळी हालचालीच्या आरंभीची व अखेरची अशा दोन्ही चौकटी तपासाव्या लागतात. शिवाय एकच चौकट सुटी पाहून भागत नाही. संवाद साधणाऱ्या दोघांना जोडणाऱ्या कल्पित रेषेच्या एकाच बाजूस कॅमेरा ठेवला नाही, तर संकलनात दोघेही एकाच दिशेला पाहत असल्याचा भास होतो.