तीन ते सातची रिकामी वेळ: किशोरांचा दिनक्रम आणि गुन्हा

नाशिकमध्ये मारामारीत किंवा दुचाकीचोरीत अल्पवयीन मुलगा सापडला की आधी संगत निघते, मग घरचं वळण. तो त्या वेळी तिथे मोकळा कसा होता, हा प्रश्न मागेच राहतो. अभ्यासकांनाही तो उशिराच सुचला.

'रिकामे मन सैतानाचे घर' ही समजूत अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हर्शी यांनी 1969 च्या पुस्तकात कॅलिफोर्नियातल्या शाळकरी मुलांवर तपासली. गृहपाठाला वेळ देणारी मुलं भानगडीत कमी होती, पण नोकरी किंवा खेळात गुंतल्याने फारसा फरक दिसला नाही. दिवसभर राबणाऱ्यालाही उपद्व्यापाला दहा मिनिटं पुरतात!

लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी 1979 मध्ये प्रश्नाचा रोख मनावरून प्रसंगाकडे वळवला. करायला तयार माणूस, हाताशी आलेलं सावज आणि राखणदार नसणं, ही तिन्ही एका जागी, एका वेळी जुळली की गुन्हा घडतो. वेन ऑसगुड यांच्या गटाने 1996 मध्ये हे तरुणांच्या दिनक्रमाला लावलं: मित्र सोबत, ठरलेलं काम नाही, जबाबदार मोठं माणूस नाही. अशा वेळेत मन वाईटच असावं लागत नाही. चिथावणी आणि प्रेक्षक दोन्ही तिथेच असतात.

पुढे इंग्लंडमधल्या पीटरबरो इथे पर-ओलोफ विकस्ट्रॉम यांच्या गटाने मुलांकडून तासातासाचा हिशेब घेतला. ही पद्धत इथेही वापरता येते. नाशिकच्या सातपूर-अंबड या कारखान्यांच्या भागात आईवडिलांची सेकंड शिफ्ट असेल, तर सकाळच्या सत्राचा मुलगा दुपारपासून रात्रीपर्यंत एकटा असतो. कागदावर पाच रकाने आखावेत: तास, जागा, सोबत कोण, काय चाललं होतं, मोठं कोण होतं. शुक्रवार, शनिवार आणि शाळेचे दोन दिवस पुरतात. दुसऱ्याच दिवशी विचारावं, आठवड्याने विचारलं तर ठरीव उत्तरं मिळतात. पालक समोर बसले की 'क्लास, पाच ते आठ' असंच लिहिलं जातं. क्लास दीड तासाचा असेल, तर उरलेला दीड तास कट्ट्यावरचा, आणि नेमका तोच हवा असतो.

2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याला मुलाच्या परिस्थितीचा सामाजिक तपासणी अहवाल बाल न्याय मंडळाला दोन आठवड्यांत द्यावा लागतो. त्यात 'मित्रांची संगत वाईट' एवढ्यावर भागवण्यापेक्षा असा चार दिवसांचा तक्ता जोडला, तर मंडळाला कोणत्या तासांत मुलाजवळ कुणी असायला हवं, ते दिसतं.