‘ण बाणाचा’: मराठी वाचनात कानाचे काय झाले?

पहिलीच्या वर्गातला मुळाक्षरांचा तक्ता नीट पाहा. ‘क कमळाचा, ग गवताचा’ म्हणत मूल झपझप पुढे सरकते आणि ‘ण बाणाचा’पाशी येते. इथे अक्षर चित्रातल्या शब्दाच्या सुरुवातीला नाही, शेवटी आहे. ‘ळ बाळाचा’चेही तसेच, कारण ण किंवा ळ सुरुवातीला असलेला मुलांच्या ओळखीचा शब्द मराठीत नाही. मूल न अडखळता दोन्ही म्हणून टाकते. पण ‘बाण’ म्हणताना ण कुठे ऐकू आला, असे विचारले की वर्ग गप्प होतो. तक्ता तोंडपाठ असतो, कान मात्र कामाला लागलेलाच नसतो.

आपली वर्णमाला खरे तर पक्की ध्वनींवर रचलेली. क-वर्ग कंठातला, च-वर्ग टाळूचा, प-वर्ग ओठांचा, असा तो जीभ-ओठांचा नकाशाच आहे. पण तो उच्चाराची चिकित्सा करणाऱ्या जाणत्यांनी आखला, सहा वर्षांच्या मुलासाठी नव्हे. पंतोजींच्या शाळेत ‘ओनामासीधं’ म्हणून धूळपाटीवर अक्षर गिरवायचे आणि ओळीने सगळी मुळाक्षरे पाठ करायची, ही रीत. मग बाराखडी: क ला काना का, पहिली वेलांटी कि, दुसरी वेलांटी की. ही घोकंपट्टी अगदीच वाया गेली असे मी म्हणणार नाही. मात्रांची ओळख त्यातून पक्की होते. पण पुष्कळ मुले बाराखडी गाण्यासारखी म्हणतात. मधलाच ‘कु’ दाखवला की सुरुवातीपासून म्हणत तिथवर यावे लागते.

पुढे सोपेपणासाठी वेगळे क्रम आले. ‘ग म भ न’ हा त्यातला सर्वांच्या ओळखीचा. अक्षरांच्या वळणातले साम्य हा त्याचा आधार, म्हणजे सोय हाताची आणि डोळ्याची झाली. त्याच विचाराने आधी काना-मात्रा नसलेले शब्दच द्यायचे, असेही ठरले. घर, नळ, गवत, बदक. यात आई नाही, बाबा नाहीत, मुलाचे स्वतःचे नावही बहुधा नाही. महिनोन्महिने असेच वाचत राहिलेल्या मुलाला वाचन म्हणजे काय वाटत असेल!

कानाकडे लक्ष वळले ते बालशिक्षणाच्या चळवळीत. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांबरोबर 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. पुढे बोर्डी आणि कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह गरीब आणि आदिवासी वस्त्यांतल्या मुलांसाठी बालवाडी उभी केली. माँटेसरी पद्धतीत मूल खरकागदाच्या अक्षरावर बोट फिरवते आणि त्याच वेळी त्याचा ध्वनी उच्चारते. ताराबाईंनी ही पद्धत महागड्या साधनांतून सोडवून आपल्या मातीत रुजवली. त्यानंतरचे मोलाचे काम फलटणचे. भाषावैज्ञानिक मॅक्सीन बर्नसन यांनी तिथे प्रगत शिक्षण संस्था सुरू केली आणि मराठी वाचन-लेखन शिकवण्याचा स्वतंत्र विचार मांडला. थोडीच व्यंजने घेऊन काना-वेलांटी सोबतच दिली, तर काका, मामा, पाणी हे शब्द सुरुवातीलाच वाचता येतात, हे एकदा वर्गात पाहिले की मागे फिरावेसे वाटत नाही.

ध्वनिजाणिवेवरचे, म्हणजे शब्दातले ध्वनी कानाने वेगळे ओळखता येण्यावरचे, संशोधन मात्र बहुतांशी इंग्रजीत झाले. इसाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी 1974 मध्ये मुलांना शब्दातले तुकडे मोजून टिचक्या मारायला सांगितल्या. चार वर्षांच्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना शब्दाचे अवयव, म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे, मोजता आले, एकेक ध्वनी कुणालाच नाही. इंग्रजीत 26 अक्षरे आणि सुमारे 44 ध्वनी, शिवाय अक्षराचे नाव एक नि आवाज दुसरा, म्हणून तिथे फोनिक्सची, म्हणजे अक्षराशी त्याचा ध्वनी जोडून वाचायला शिकवण्याची, गरज तीव्र. आपल्याकडे 2000 पासून पहिलीत इंग्रजी आले. शहरांत फोनिक्सचे वर्गही निघाले, आणि ‘फोनिक्स म्हणजे इंग्रजी’ हे समीकरण पालकांच्या मनात बसले.

मराठीचे दुखणे निराळे. व्यंजने आणि बाराखडी मिळून चारशेवर चिन्हे होतात, जोडाक्षरे वेगळीच. सोनाली नाग यांच्या कन्नडवरील अभ्यासात दिसले, की अक्षरसंच पुरता आत्मसात व्हायला मुलांना प्राथमिकची कित्येक वर्षे लागतात. त्यात आपण लिहितो ‘कमळ’, तीन अक्षरे, आणि म्हणतो क-मळ्. शेवटचा ‘अ’ गळून गेलेला असतो. म्हणून अक्षरे सुटी वाचणारे मूल ‘क… म… ळ’ म्हणते आणि ओळखीच्या फुलापर्यंत पोचतच नाही.

हीच मुले मधल्या सुट्टीत ‘च’ची भाषा बोलतात. पहिले अक्षर काढायचे, जागी च घालायचा, काढलेले शेवटी लावायचे: ‘कमळ’चे ‘चमळक’. गावोगावी नियम थोडे बदलतात, पण ध्वनी काढणे, बदलणे, हलवणे हे सगळे त्यात आहे, तेही भराभर. मी पहिलीच्या शिक्षकांना नेहमी सांगते, हा खेळ बाहेर ठेवू नका.

5 जुलै 2021 ला सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात पायाभूत साक्षरतेत ध्वनिजाणिवेला जागा मिळाली, ही मोठी गोष्ट आहे. आता कामपत्रिका मराठीच्या कानाने घडायला हव्यात. त्यात ण आणि ळ शेवटी ऐकायचे असतील. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च एकाच चिन्हाचा असूनही वेगळा उच्चारला जातो, हेही मुलाला एकदा मोठ्याने म्हणून पाहता येईल.