व्हाळातलं सोनं कुठल्या खडकातून आलं? नमुना आणण्यापूर्वी वाचा

नदी-व्हाळाच्या रेवेत सोन्याचे कण सापडले की बरेच जण ते आधी सोनाराकडे नेऊन वितळवतात. कस कळतो, पण कण कुठून आला याची खूण मुशीतच संपते. पाऱ्याने गोळा केलेले कणही आमच्याकडे तपासणीला आणू नका. काही खाणींच्या सोन्यात पारा मुळातच असतो; वरून लावला की तो पुरावा बिघडतो.

सोनं आहे ना, हे घरीच पाहा. सुईने दाबल्यावर सोनं चेपतं, सोन्यासारख्या दिसणाऱ्या पायराइट खनिजाचा चुरा होतो, कुजक्या अभ्रकाचे पापुद्रे सुटतात.

नमुना जानेवारी ते मे या काळात, पाणी उतरल्यावर, भरतीचं पाणी पोचत नाही तिथून घ्या. धोंड्यांच्या आडोशाची, वळणाच्या आतल्या अंगाची आणि तळखडकाच्या भेगांतली रेव उत्तम. ती २ मिमीच्या चाळणीतून गाळून धुवा. प्रत्येक ठिकाणी बादल्या मोजून सारख्याच घ्या, नाहीतर कणांच्या संख्येची तुलनाच होत नाही. दोन व्हाळ मिळतात तिथे संगमाच्या वर दोन्हींचा वेगळा नमुना हवा. तळाशी उरलेली काळी रेव टाकू नका. मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट या जड काळ्या खनिजांसोबत तिथे शीलाइट हे टंगस्टनचं खनिजही सापडतं, ते अतिनील दिव्याखाली निळसर पांढरं उजळतं आणि कधीकधी सोन्याच्या गारगोटी-शिरेकडे (खडकाच्या भेगेत भरलेल्या गारगोटीच्या पट्ट्याकडे) बोट दाखवतं.

आता मुख्य तपासणी. कडा तीक्ष्ण, गारगोटी चिकटलेली असेल तर मूळ जवळ. चपटा, दुमडलेला कण लांबून आलेला. पण खडकातल्या रांजणखळग्यात कण थोड्या अंतरातही ठोकून चपटा होतो, म्हणून एकट्या आकारावर आम्ही निकाल देत नाही. कण राळेत बसवून, घासून, अर्धा कापल्यासारखा उघडा करतो आणि इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबने (इलेक्ट्रॉनांच्या बारीक झोताने घटक मोजणाऱ्या यंत्राने) गाभ्यातलं चांदी, तांबं, पारा, पॅलेडियम मोजतो. कडा मोजून उपयोग नाही: पाण्यात तिथली चांदी निघून जाते आणि कातळातल्यापेक्षा शुद्ध सोन्याची पातळ साल उरते. गाभ्यात अडकलेले सूक्ष्म खनिजकण त्याहून बोलके. आर्सेनोपायराइट (आर्सेनिक, लोखंड आणि गंधकाचं खनिज) दिसलं तर कर्नाटकातल्या हट्टीच्या सोन्याच्या खाणीसारख्या, धारवाड या अतिप्राचीन खडकांतल्या शिरांची आठवण होते. बिस्मथ-टेल्युरियमची खनिजं दिसली तर शोध वेगळ्या दिशेने न्यावा लागतो.

एका ठिकाणचे किमान ३० कण लागतात. पाच कणांत चांदी ८ टक्के आली आणि पुढच्या पाचांत १८, तर मूळ दोन आहेत की एकच शीर बदलती आहे, हे ठरत नाही.

गोव्यात एक अडचण जास्तीची: जांभा. जांभ्यात सोनं विरघळून पुन्हा साचू शकतं. असा कण आतपर्यंत जवळजवळ चांदीविना असतो आणि मूळ शिरेबद्दल गप्प राहतो. असे कण अहवालात वेगळे दाखवतो, सरासरीत मिसळत नाही.

अहवाल म्हणजे उत्खननाचा परवाना नव्हे. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याखाली शोधकामालाही परवानगी लागते, जमीन तुमची असली तरी.

कण चिमट्याने उचलू नका, ओरखडे पडतात. ओल्या ब्रशाने उचला, ठिकाणानुसार वेगळ्या कुपीत ठेवा, आणि चिठ्ठी कुपीच्या आत नको, बाहेर चिकटवा.