५४, ३८, ३९ : पर्यटनाच्या जागतिक क्रमवारीमागचा हिशेब

जागतिक आर्थिक मंचाचा (वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम) ‘प्रवास व पर्यटन विकास निर्देशांक’ मे २०२४ मध्ये आला. ११९ अर्थव्यवस्थांच्या त्या यादीत भारत ३९ वा होता. आधीच्या, २०२१ च्या आवृत्तीत तो ५४ वा होता, त्यामुळे साधी वजाबाकी केली की १५ पायऱ्यांची झेप दिसते. मात्र दरम्यान मंचाने मोजण्याची पद्धत बदलली होती. नव्या पद्धतीने २०२१ ची आकडेमोड पुन्हा केली तेव्हा भारत त्या वर्षी ३८ वा आला. म्हणजे खरा बदल एका पायरीचा, तोही खाली. पर्यटन मंत्रालयाने आपल्या निवेदनात हा ३८ चा आकडा दिला होता, पण ५४ वरून ३९ हे सांगायला आणि ऐकायला जास्त बरे वाटते.

असे का होते, हे समजायला मोजणीच्या सुरुवातीपासून यावे लागते. १९३७ साली राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स) ठरवले की, नेहमीच्या वास्तव्याच्या देशाबाहेर किमान २४ तास राहणारा तो पर्यटक. १९६३ च्या रोम परिषदेने मुक्कामी पर्यटक आणि त्याच दिवशी परतणारा पाहुणा यांना वेगळे केले. क्रूझने मुरगाव बंदरात उतरून, जुन्या गोव्यातली चर्चे पाहून, रात्री झोपायला पुन्हा जहाजावर जाणारा प्रवासी या व्याख्येत पर्यटक ठरत नाही. जागतिक पर्यटन संघटनेचे संविधान २७ सप्टेंबर १९७० रोजी मेक्सिको सिटीत मंजूर झाले. पुढे माद्रिदच्या तिच्या मुख्यालयातून देशोदेशीचे आगमनाचे आकडे एकत्र येऊ लागले. १९५० मध्ये जगभर सुमारे २.५ कोटी आंतरराष्ट्रीय पर्यटक होते, २०१९ मध्ये सुमारे १४६ कोटी.

डोकी मोजणे हे सर्वांत सोपे काम, आणि त्यातही गफलत होते. भारत कित्येक वर्षे फक्त परदेशी पासपोर्टधारक मोजत असे. व्याख्या मात्र नागरिकत्व पाहत नाही, वास्तव्य पाहते. लंडनमध्ये राहणारा भारतीय पासपोर्टधारक दिवाळीला आईवडिलांकडे पुण्याला आला, तर तोही आंतरराष्ट्रीय पर्यटकच. तिथले नागरिकत्व घेतलेला त्याचा भाऊ आधीपासून मोजला जात होता, तो स्वतः नाही. २०१४ पासून अनिवासी भारतीयांचे आगमनही धरले जाऊ लागले. त्या वर्षीच्या सुमारे ७६.८ लाख परदेशी पर्यटकांत सुमारे ५४.३ लाख अनिवासी भारतीय मिळवले गेले आणि आगमनाच्या जागतिक यादीत भारत ४१ वरून २४ व्या स्थानी गेला. यात लबाडी काही नव्हती, उलट आधीचीच मोजणी तोकडी होती. पण एकही जादा माणूस विमानतळावर न उतरता देश १७ जागा वर सरकला.

आगमनाच्या आकड्यावरून देशाची तयारी कळत नाही, म्हणून आर्थिक मंचाने २००७ मध्ये स्पर्धात्मकतेचा वेगळा निर्देशांक काढला; सुरुवातीला सांगितलेला विकास निर्देशांक हे त्याचेच पुढचे रूप. पहिल्या यादीत १२४ देश होते. २००७ ते २०१३ या पाचही आवृत्त्यांत स्वित्झर्लंड पहिला होता. २०१५ मध्ये रचना बदलली आणि तो एकदम सहावा झाला, स्पेन पहिला आला. आल्प्सचे डोंगर दोन वर्षांत खचले नव्हते. बदलले होते ते वजन. जुन्या रचनेत सारख्या वजनाचे ३ गट आणि त्यांत मिळून १४ स्तंभ, म्हणजे मोजायचे मुख्य विषय, होते. तिसऱ्या गटात मनुष्यबळ, पर्यटनाबद्दलची आस्था, निसर्ग आणि संस्कृती असे चार स्तंभ असल्याने निसर्ग व संस्कृती मिळून एकूण गुणांचा सहावा हिस्सा होत. २०१५ पासून गट ४ झाले आणि एक अख्खा गट याच दोन स्तंभांना मिळाला. हिस्सा सहाव्यावरून चौथ्यावर गेला. ज्यांच्याकडे वारसा भरपूर, त्यांना याचा फायदा होणारच. भारत ६५ वरून ५२ वर आला. नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या ई-व्हिसासारखे खरे बदलही याच काळातले आहेत, पण २०१३ आणि २०१५ ची थेट तुलना करून त्यांचा वाटा वेगळा काढता येत नाही.

गुण देण्याची रीत अशी. स्तंभाखालच्या प्रत्येक उपनिकषात यादीतला सर्वांत कमी आकडा १ गुण धरतात, सर्वांत जास्त ७, आणि बाकीचे देश त्या पट्टीवर बसवतात. समजा किमान १०, कमाल ७० आणि आपला आकडा ४०, तर गुण ४. पुढच्या वेळी पहिल्या देशाने १३० गाठले आणि आपण ४० वरच राहिलो, तर गुण २.५. आपल्याकडे काहीही बिघडलेले नसते. टोकाचे आकडे काही ठिकाणी छाटतात, तरी हा परिणाम पूर्णपणे जात नाही. शिवाय सगळे उपनिकष आकडेवारीतून येत नाहीत. काही उद्योगांच्या अधिकाऱ्यांच्या मतपाहणीतून येतात. पोलिसांवर किती भरवसा, हा प्रश्न त्यातलाच.

वारशाची मोजणी तर फारच ढोबळ आहे. जागतिक वारसा यादीत जितक्या नोंदी, तितका आकडा. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशाची नोंद झाली. त्यात साल्हेर, शिवनेरी, रायगड, विजयदुर्ग असे महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी, मिळून १२ किल्ले आहेत. मोजताना ती नोंद एकच, भारताची ४४ वी. गडावर पाणी, स्वच्छतागृह, पायथ्यापर्यंत धड रस्ता आहे की नाही, याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. आणि देशाच्या आकाराने भागाकारही होत नाही, त्यामुळे मोठ्या देशांना इथे आयते गुण मिळतात.

म्हणून एकूण क्रमांकापेक्षा स्तंभांचे क्रमांक पाहावेत. २०१९ मध्ये भारत एकूण ३४ वा होता. त्यात संस्कृतीत ८ वा, स्वस्ताईत १३ वा, पण पर्यटक-सेवा सुविधांत १०९ वा आणि पर्यावरणीय शाश्वततेत १२८ वा, तेही १४० देशांत. त्याच यादीत थायलंड ३१ वा, म्हणजे जेमतेम तीन जागा पुढे. त्या वर्षी थायलंडमध्ये सुमारे ३.९८ कोटी पर्यटक गेले आणि भारतात परदेशी पर्यटक १.०९ कोटी आले.

दोन आवृत्त्यांचे छापील क्रमांक शेजारी ठेवण्याचा मोह टाळायचा असेल, तर सोय अहवालातच आहे. २०२४ च्या तक्त्यात क्रमांकाजवळ २०१९ पासूनचा बदल दिला आहे, आणि दोन्ही वर्षांचे गणित एकाच पद्धतीने केलेले आहे. बातम्यांत तो रकाना सहसा येत नाही.